कार्बन कॉपीतल्या रिकाम्या जागा

ये गं, जवळ ये जरा. तिकडे दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? एवढी एमएस्सी झालीस, बोरिवलीच्या क्लासमध्ये दिवसभर पोरांवर ओरडतेस, आणि एका म्हातारीला दोन वाक्यं तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही तुझी? शोभतं का हे? कानच धरला असता मी तुझा, पण तू समोर आहेस कुठे! कागदावरच बोलावतेय, म्हणून वाचलीस.

लिहितेय तुझ्यासाठीच. पण उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं तर त्यालाही समजायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही ऐकून घे. म्हाताऱ्या माणसाचं एवढं ऐकावं लागतं.

लग्नाआधी मी वाकोल्याला राहायचे. मॅट्रिक झाले, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली आणि पार्ल्याला स्टेशनजवळ एका टायपिंगच्या दुकानात लागले. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची खोली. तीन मशिनं आणि तीन मुली. कॉलेजं जवळ, म्हणून थिसिसची कामं यायची. मराठीचा, इतिहासाचा थिसिस कोणीही घ्यायचं. गणिताचा आला की बाकीच्या दोघी एकदम पाणी प्यायला उठायच्या. तो माझ्या गळ्यात.

गणिताचा थिसिस टाइप करायची एक रीत होती. मशिनवर ती चिन्हं नसायची, आणि गणितातली एकेकटी अक्षरंही वळणदार हवीत म्हणून हातानेच लिहायची. मग शब्द टाइप करायचे आणि चिन्ह आलं की तेवढी जागा सोडायची. एका अक्षराची, तीन अक्षरांची, मोठं चिन्ह असेल तर वर-खाली ओळही मोकळी. मागाहून थिसिसवाले सर येऊन काळ्या शाईने चिन्हं भरायचे. मशिनमध्ये एका वेळी पाच कागद: वरचा चांगला, आणि मध्ये कार्बन घालून खाली चार. वरच्या चार प्रतींत सर चिन्हं भरायचे, त्या विद्यापीठात जायच्या. सगळ्यात खालची इतकी फिकट उठायची की तिच्यावर कोण शाई घालवणार? ती नुसती पानं जुळवून बघायला. काम संपलं की टाकून द्यायची.

तर एका सरांचा थिसिस मी चार महिने टाइप केला. बानाख स्पेसवरचे बाउंडेड लिनिअर ऑपरेटर आणि त्यांचे आयडियल. अर्थ काही कळत नव्हता, पण लय कळायची. 'समजा असं आहे', 'तर मग असं होईल', 'म्हणून'. इतक्या शांतपणे बोलणारं कोणी मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या घरी 'म्हणून' हा शब्द फक्त भांडणात यायचा. एका दुपारी सर चिन्हं भरत बसले होते. मी धीर करून विचारलं, "सर, इथे तुम्ही 'म्हणून' लिहिलंय, ते कशावरून?"

सर हसले. वाईट नाही हसले हो, प्रेमळ माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता? छान टाइप करता तुम्ही." आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहात आलं होतं, मला अजून आठवतं. उत्तर मिळालं नाही.

शेवटी ती खालची प्रत टाकायची वेळ आली तेव्हा मी ती पिशवीत घालून घरी आणली. का आणली, सांगता येत नाही. त्या कागदांवरची एक जागासुद्धा दुसऱ्या कोणी सोडलेली नव्हती, सगळ्या माझ्या बोटांनी सोडलेल्या. म्हणून असेल.

मग लग्न झालं, मुलुंडला आले. आमचे हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. मूल झालं नाही. सासूबाई होत्या तोवर घर भरलेलं असायचं, भांडायला तरी माणूस होतं. त्या गेल्यावर दुपारी मी ती प्रत काढायला लागले. वाचनालयातून कॉलेजची पुस्तकं आणायची, डिक्शनरी घेऊन बसायचं, आणि एकेका रिकाम्या जागेत काय असेल ते ठरवून पेन्सिलने भरायचं. आधीच्या ओळीवरून, पुढच्या ओळीवरून. कधी एका जागेला महिना लागायचा. हे कामावरून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "काय गं, झाल्या का गाळलेल्या जागा भरून?" मी म्हणायचे, "आज एक भरली." "झकास," म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विचारायचे रोज.

ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. रोज विचारणारं कोणी नाही, तर जागा भरून सांगायची कोणाला? तरी भरत राहिले. दुपारी अडीच ते चार आमच्या इमारतीत इतकं सामसूम असतं की शेजारच्यांचा फ्रिज सुरू झालेला ऐकू येतो.

आणि मग तू आलीस, वरच्या मजल्यावरची, तेव्हा एमएस्सीला होतीस. तुझ्या आईने घावनं दिली होती डब्यातून. डबा ठेवून निघायची, तर तुझी नजर टेबलावरच्या त्या प्रतीवर.

"आजी, हे काय? रहस्यकथा आहे काय? सगळ्यांची नावंच गायब!"

"तूच सांग कोण आहे तो."

तू एक पान वाचलंस, दुसरं वाचलंस, आणि डब्याचं झाकण हातात तसंच धरून मटकन बसलीस. "आजी, हे ऑपरेटर आयडियल आहेत. आम्हाला पुढच्या सेमिस्टरला आहेत. तुम्ही... तुम्हाला..." मला काय हसू आलं होतं!

त्या दिवसापासून दर गुरुवारी चार वाजता तू यायचीस. तू मला पुस्तकातलं सांगायचीस, मी तुला माझं. आयडियल म्हणजे काय हे तुझ्या डोक्यात शिरत नव्हतं, आठवतं? व्याख्या पाठ, पण चेहरा कोरा. मग मी तुला सुकटीचं सांगितलं. म्हटलं, सोमवारी सासूबाईंना आमटी लागायची बिनमाशाची. एकदा माझ्या हातून चिमूटभर सुकट पडली. फोडणीआधी पडली काय, उकळी आल्यावर पडली काय, वरून खोबरं घाला, कोकम घाला, गाळून घ्या, काहीही करा, ती आमटी आता माशाचीच. आणि माशाच्या दोन आमट्या एकत्र केल्या तर तीही माशाचीच. आयडियल असा असतो. ऑपरेटर म्हणजे एकेक क्रिया. ह्या गटातली एक क्रिया मध्ये कुठेही आली, की आधी काहीही करा नि नंतर काहीही करा, अख्खी क्रिया ह्याच गटातली.

तू म्हणालीस, "आजी, आमच्या मॅडमना हे सांगितलं तर त्या मला वर्गाबाहेर काढतील."

"का?"

"त्या देशस्थ आहेत!"

किती हसलो आपण. घरात एवढा आवाज किती वर्षांनी झाला होता. खालच्या बाई विचारायला आल्या, काही पडलं का म्हणून.

मग मी तुला माझं सिद्ध केलेलं दाखवायचं ठरवलं. काही वर्षं मी एका गोष्टीच्या मागे होते. काही ऑपरेटर असे, की त्यांना कितीही पसरलेलं द्या, ते सगळं मोजक्या दिशांत बसवून देतात. आणि काही असे, ज्यांना कॉम्पॅक्ट म्हणतात, की तितकं काटेकोर बसवत नाहीत, पण मोजकेच ठिपके मांडले तर सगळं त्या ठिपक्यांच्या आसपास सापडतं; आणखी बारीक हवं तर आणखी थोडे ठिपके. दोन्ही आयडियल. मी असं सिद्ध केलं होतं की कोणतीही बानाख स्पेस घ्या, मोजक्या दिशांचे ऑपरेटर घेऊन प्रत्येक कॉम्पॅक्ट ऑपरेटरच्या हवं तितकं जवळ जाता येतं. अकरा पानं. ती मी चांगल्या अक्षरात उतरवून तुझ्या हातात दिली. म्हटलं, बघ. सरांना दाखवायची आहेत, ते अजून पार्ल्यालाच राहतात. पण आधी तू बघ.

हे मी सहज म्हटलं असं तुला वाटलं असेल. पोरी, उभ्या जन्मात मी लिहिलेलं गणित दुसऱ्या माणसाच्या हातात देण्याची ती पहिलीच वेळ होती.

तीन आठवडे तू आली नाहीस. परीक्षा आहे म्हणालीस. चौथ्या गुरुवारी आलीस, कागद टेबलावर ठेवलेस. "आजी, एकदम झकास! काय अक्षर आहे तुमचं!"

"अक्षर सोड. बरोबर आहे का?"

"हो... म्हणजे मस्तच आहे. मला निघायला हवं, आई वाट बघतेय."

चहा टाकला होता मी. तुझा कप तसाच राहिला. मला वाटलं घाई असेल. त्यानंतर तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा दारातूनच. मग तुम्ही बोरिवलीला गेलात. फोनवर "येते आजी, नक्की येते", मग "क्लास आहे ना आजी", मग तेही बंद. मी स्वतःला सांगत होते, तरुण मुलगी, नवी नोकरी, तिला किती व्याप. गुरुवारी चार वाजता मात्र मी दार लोटून ठेवायचे, कडी न लावता. सवय. आणि ते कागद सरांकडे न्यायचं आज-उद्या करत राहिले. तुझ्यासोबत जायचं मनात होतं.

मागच्या महिन्यात तुझी आई सोसायटीच्या कुठल्याशा कागदावर सही करायला आली होती. माझ्याकडे डोकावली. इकडचं तिकडचं बोलली आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली, "काय केलंत हो आजी माझ्या मुलीला? तुमचं नाव काढलं की गप्पच होते. म्हणते, आजींना काय तोंड दाखवू?"

"माझ्याकडे काय झालंय तोंड न दाखवण्यासारखं?"

"ते मला काय कळतंय! म्हणाली, त्या कागदांचं खरं काही सांगितलंच नाही. कसले कागद?"

मी म्हटलं, काही नाही गं, आमचं आपलं गणित. तिला जिन्यापर्यंत सोडलं. परत आले आणि ती अकरा पानं काढली. तोवर मी ती उघडलीच नव्हती, बघ. खूप जीव लावलेली वस्तू आपण ट्रंकेत घालून विसरतो तसं.

सहाव्या पानावर समासात कागद जरा खरबरीत लागला. रबराने खूप घासल्यासारखा. गॅलरीच्या उन्हात तिरका धरला. शाई नव्हती, शिसं नव्हतं, पण तू पेन्सिल दाबून लिहितेस, त्याचे चर राहिले होते. सावकाश लागलं सगळं. "आजी, हा लेमा फक्त एचमध्ये चालतो ना? एक्समध्ये प्रोजेक्शनचा नॉर्म वाढत जाईल." दोन ओळी. लिहिल्यास आणि खोडल्यास.

मी उठून ती जुनी कार्बनची प्रत काढली. तो लेमा, म्हणजे सिद्धतेतली एक पायरी, तिथूनच घेतलेला. पहिल्याच ओळीत एका अक्षराची रिकामी जागा, आणि तिच्यात माझ्या पेन्सिलने भरलेला एक्स. एक्स म्हणजे कुठलीही बानाख स्पेस. सरांनी वरच्या प्रतींत तिथे एच भरला असणार. एच म्हणजे जिथे काटकोन असतो अशी स्पेस. दोन्ही एकेकच अक्षर. जागा बघून कळणार कसं? आणि ती जागा मीच सोडलेली, पन्नास वर्षांपूर्वी, स्पेसबारवर अंगठा मारून. तीस वर्षं मी एका चुकीच्या अक्षरावर घर बांधत होते.

तू म्हणशील, आजी, मोबाइलवर बघायचं ना. खरं सांगते, घाबरायचे. कोणी आधीच केलेलं निघालं तर माझं काय उरलं? त्या दिवशी बघितलं. माझं विधान खोटं ठरवणारी एक स्पेस फार पूर्वीच कोणीतरी बांधून दाखवलेली आहे. मी पार्ल्याला मशिनवर त्या जागा सोडत होते, त्याच सुमारास.

पण नुसतं खोटं आहे एवढ्यावर माझं समाधान होईना. का खोटं, ते मला माझ्या हाताने बघायचं होतं. दोन आठवडे गेले. आता कळलंय. बघ मी बरोबर सांगते का. मी ठिपक्यांतून जाणारी एक छोटी सपाट जागा घेते आणि सगळ्याची सावली तिच्यावर पाडते; तुझं प्रोजेक्शन ते हेच, आणि नॉर्म म्हणजे सावली किती लांबते ते. जिथे काटकोन आहे तिथे ऊन बरोबर डोक्यावरून पाडता येतं, सावली वस्तूपेक्षा लांब होतच नाही. म्हणून ठिपके वाढवले की चूक कमी कमी होते. पण बानाख स्पेसमध्ये काटकोनच नाही. तिथे नुसती लांबी कळते. दोघांत अंतर किती ते सांगता येतं, कोण कोणाकडे तोंड करून उभं आहे ते सांगता येत नाही. तिथलं ऊन तिरकं. ठिपके वाढवावे तशी सावलीही लांब लांब होत जाऊ शकते. एका हाताने मी चूक कमी करते आणि दुसऱ्या हाताने ती वाढते. तिथे माझं 'म्हणून' अडकलं.

हे कळलं त्या दुपारी मी फार खूश झाले. खरंच गं. टेबलावर हात आपटला. वळून सांगायला गेले, तर खोलीत कोणी नाही. मग मात्र बसून रडले थोडी.

चुकीसाठी नाही रडले. चुकेन नाहीतर काय, मला कोणी शिकवलंय? रडले ते तुझ्या रबरासाठी. तू ते लिहिलंस तेव्हा तू माझ्याशी बोलत होतीस, जशी तुझ्या मॅडमशी, तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीशी बोलली असतीस तशी. उभ्या जन्मात माझ्याशी गणितात असं कोणी बोललं नव्हतं. सरांनी चहा पाजला, ह्यांनी झकास म्हटलं, तूही झकास म्हणालीस. सगळ्यांनी जपलं मला. आणि जपत जपत सगळे दाराबाहेर राहिले. 'आजी, हे चुकलंय' असं म्हटलं असतंस, तर मी दोन दिवस रुसले असते. जेवले नसते एक वेळ कदाचित. तिसऱ्या दिवशी तुला फोन करून भांडले असते. आणि गुरुवारी आपण दोघी ती सावली कुठे लांबते ते शोधत बसलो असतो. एकटीने शोधायला मला दोन आठवडे लागले. ते जाऊ दे, वेळ मला भरपूर आहे. पण तुझं एक वर्ष गेलं त्यात, माझ्यापासून लपण्यात. त्याचं काय?

तुलाही त्रास झाला असणार, कळतं मला. तीन आठवडे तू ते कागद घरात ठेवलेस. लिहिलंस, खोडलंस. म्हातारीचं एवढंच आहे, तेही कसं काढून घ्यायचं, असं वाटलं असेल. माझ्यावर माया होती म्हणूनच ना? मायेला मी दोष देत नाही. पण माझं एवढंच नव्हतं गं. माझे गुरुवारही होते.

सरांकडे मी आता जात नाही. अकरा पानांतली साडेचार उरली आहेत. ज्या स्पेसमध्ये सावलीची लांबी एका मर्यादेपलीकडे जात नाही, तेवढ्यांसाठी ती टिकतात असं मला वाटतं. नवीन काही नाही त्यात, ठाऊक आहे, पुस्तकात असेलच. पण माझी आहेत. फक्त तिसऱ्या पानावर एका ठिकाणी मला खात्री वाटत नाही. ठिपके बदलले की सपाट जागाही बदलते, आणि मर्यादा मात्र मी तीच धरलीय. ते चालतं का? मी रोज सकाळी 'चालतं' म्हणते आणि संध्याकाळी 'नाही' म्हणते. विचारायला कोणी नाही.

बोरिवलीहून मुलुंडला येणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. गुरुवार जमत नसेल तर रविवारी ये. जेवायलाच ये, सकाळपासून. माझं चुकलं असेल तर जेवणाआधीच सांगून टाक, रुसायचं ते मी भात शिजेस्तोवर रुसून घेईन. आईला आण, नको आणूस, तुझी मर्जी. पण तू ये. फार दिवस लावू नकोस गं, ह्याच रविवारी ये.